मूठभर दाणे



आजचा आपला विषय लहान आहे. मूठभर दाण्यांचा. ज्वारीचे, बाजरीचे, चण्याचे दाणे. आपण ते पाखरांना टाकतो. पाखरे उतरतात, दाणे टिपतात. बघून मनाला बरे वाटते. यात वाईट ते काय, असे कुणीही म्हणेल.

पण मुंबई शहरात याच मूठभर दाण्यांवरून केवढा वाद झाला! लोक रस्त्यावर आले. पोलीस आले. गोष्ट मोठ्या कोर्टात गेली. दाणे टाकणाऱ्याला दंड झाला. पाखराला दाणा घातला म्हणून दंड, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. काहींना रागही येईल.

आपल्या पुष्कळ घरांतला कुणी ना कुणी मुंबईला, ठाण्याला, पुण्याला कामाला आहे. आपणही त्याच्याकडे जातो येतो. म्हणून हा नियम काय आहे, तो का झाला, आणि आपल्या गावाला त्यातून काय घेण्यासारखे आहे, हे आज समजून घेऊ.

आपली जुनी रीत

मुक्या जिवाला घास घालावा, ही आपली जुनी रीत आहे. जेवणाआधी गाईचा घास काढतात. पितृपक्षात कावळ्याला घास ठेवतात. मुंग्यांच्या वारुळापाशी चिमूटभर साखर, पीठ टाकतात. उन्हाळ्यात झाडाला पाण्याचे भांडे टांगतात. खळ्यावर रास झाली की सांडलेले दाणे पाखरांचे, असे जुनी माणसे म्हणत.

आपल्या राज्यघटनेतही हीच गोष्ट आहे. १९७६ साली राज्यघटनेत नागरिकांची कर्तव्ये लिहिली गेली. रान, नद्या, रानातले जीव यांचे रक्षण करावे आणि प्राणिमात्रांवर दया करावी, असे त्यांतले एक कर्तव्य आहे. तेव्हा दया करू नका, असे कोणताही कायदा सांगत नाही. आम्हीही सांगणार नाही.

प्रश्न आहे तो घास कुणाला, कुठे आणि किती घालावा, हा. जुन्या काळी गाव लहान होते. पाखरे दाणे टिपत आणि रानात उडून जात. घाण रानात पडे. ऊन, वारा, पाऊस ती साफ करीत. शहरात तसे नाही. तिथे घराला घर लागलेले आहे. वर माणूस, खाली माणूस. एकाने टाकलेल्या दाण्याची घाण दुसऱ्याच्या खिडकीत पडते. इथूनच सगळी अडचण सुरू होते.

पारवा शहरात कसा वाढला

शहरात ज्याला कबुतर म्हणतात, तो आपला पारवाच. आपल्या विहिरीच्या कपारीत तो घुमत असतो. जुन्या वाड्याच्या, देवळाच्या कोनाड्यात राहतो. मूळचा हा डोंगराच्या कड्यावर राहणारा पक्षी. त्याला झाड लागत नाही. सपाट, आडोशाची जागा लागते.

आता शहराकडे बघा. उंच उंच इमारती म्हणजे पारव्याला डोंगराचे कडेच. खिडकीवरचे छज्जे आहेत. पाण्याच्या नळांमागची जागा आहे. थंड हवेच्या यंत्राची पेटी आहे. घरटे करायला जागाच जागा. गावात घार, ससाणा, मांजर, साप यांचे भय असते. शहरात ते कमी. राहिले पोटाचे. ते माणूस भरतो.

पारव्याची मादी एका वेळी दोन अंडी घालते. सतरा-अठरा दिवसांत पिल्ले बाहेर येतात. महिनाभरात ती उडू लागतात. खाणे भरपूर असले, की वर्षातून अनेकदा अंडी घातली जातात. खाणे कमी असले, की अंडी कमी घातली जातात. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

आपल्या देशातल्या पक्ष्यांचा एक मोठा अहवाल २०२३ साली निघाला. त्यात असे दिसले, की पुष्कळ जातींचे पक्षी कमी होत आहेत. पारवा मात्र वाढतो आहे. २००० सालापासून तो दुपटीहून जास्त झाला आहे. म्हणजे आपल्या दाण्यांनी सगळी पाखरे वाढली नाहीत. एक पारवा वाढला.

घाण आणि आजार

समजा, मुंबईत एका चाळीत एक बाई राहते. समोर कबुतरखाना आहे. कबुतरखाना म्हणजे पारव्यांना दाणे टाकायची जागा. तिथे शेकडो पारवे बसतात. तिच्या खिडकीत, गॅलरीत त्यांची विष्ठा पडते. ती वाळते. तिची धूळ होते. बाई रोज सकाळी झाडू मारते. धूळ उडते. पिसांचा बारीक भुसाही उडतो. तो श्वासाबरोबर तिच्या छातीत जातो.

एक दिवस गेला, काही होत नाही. महिना गेला, काही होत नाही. पण असे वर्षानुवर्षे चालले, की काही माणसांच्या फुफ्फुसाला सूज येते. कोरडा खोकला लागतो. जिना चढताना धाप लागते. माणसाला वाटते, वय झाले, दमा असेल. तसे नसते. ही धूळ काहींच्या अंगाला सोसत नाही, म्हणून हा आजार होतो. फुफ्फुस हळूहळू घट्ट होते. ओला स्पंज वाळून कडक व्हावा, तसे. मग त्यात हवा मावत नाही.

आजार लवकर ओळखला आणि त्या धुळीपासून माणूस दूर झाला, तर तो बरा होऊ शकतो. उशीर झाला, तर फुफ्फुस पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. मग औषधाने फार तर आजार थोपवता येतो.

दुसरी गोष्ट. पारव्याच्या विष्ठेत काही जातींची बुरशी वाढते. ज्याच्या अंगात ताकद कमी आहे, त्याला तिच्यापासून छातीचा किंवा मेंदूच्या आवरणाचा रोग होऊ शकतो. सगळ्यांना होत नाही. म्हातारे, लहान मुले, आधीच आजारी असलेली माणसे यांना भय जास्त.

तिसरी गोष्ट. उरलेले दाणे रात्री उंदीर खातात. दाणे असले की उंदीर वाढतात. मुंबईत पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचते. उंदराचे मूत त्या पाण्यात मिसळते. त्यातून लेप्टो नावाचा ताप येतो. तो जिवावर बेतू शकतो.

आता सांगा, त्या बाईने काय करावे? दाणे टाकणारा पुण्य करतो आहे. त्याचा हेतू चांगला आहे. पण धाप हिला लागते आहे. तिने कुणाचे काय वाईट केले?

मुंबईत काय झाले

मुंबई महापालिकेचा स्वच्छतेचा एक नियम २००६ सालापासून होता. ठरवून दिलेल्या जागेशिवाय दुसरीकडे पशुपक्ष्यांना खाणे टाकले, तर ५०० रुपये दंड. नियम होता, पण तो फारसा कुणाला ठाऊक नव्हता.

जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने विधान परिषदेत सांगितले, की मुंबईत ५१ कबुतरखाने आहेत आणि ते बंद करावेत. कारण लोकांच्या छातीचे आजार. मग महापालिकेने कारवाई सुरू केली. काही प्राणिप्रेमी लोक मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले. ही वर्षानुवर्षांची रीत आहे, ती बंद करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने सांगितले, जुने कबुतरखाने पाडू नका. पण दाणे टाकायला परवानगी मिळाली नाही. लोकांचे आरोग्य आधी, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. जुलैच्या शेवटी तर न्यायालयाने सांगितले, की बंदी मोडून दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे दाखल करा.

दादरचा कबुतरखाना फार जुना आणि फार गजबजलेला. ऑगस्टच्या सुरुवातीला महापालिकेने तो ताडपत्रीने झाकला. ६ ऑगस्टला मोठा जमाव आला. त्यात जैन समाजाचे पुष्कळ लोक होते. त्यांनी ताडपत्री फाडली, बांबू काढले. पोलिसांशी झटापट झाली. गोष्ट सर्वोच्च न्यायालयातही गेली. ११ ऑगस्टला त्या न्यायालयाने मध्ये पडायला नकार दिला.

पुढे उच्च न्यायालयाने महापालिकेला एक चांगली गोष्ट सांगितली. काही वेळ दाणे टाकायला परवानगी द्यायची असेल, तर आधी लोकांचे म्हणणे ऐका. हरकती मागवा. मग ठरवा. जाणत्या माणसांची समिती नेमण्याचीही गोष्ट निघाली. ऑक्टोबरच्या शेवटी महापालिकेने तात्पुरत्या चार जागा ठरवल्या. वरळी, अंधेरी, मुलुंड आणि बोरिवली या भागांत. वेळ सकाळी ७ ते ९. तीही एका अटीवर. जागा साफ ठेवायची जबाबदारी एखाद्या संस्थेने घ्यायची.

असे नियम बदलत असतात. म्हणून मुंबईला गेलात, तर आधी विचारा. इथे दाणे टाकायला परवानगी आहे का? नसेल, तर टाकू नका.

दोन्ही बाजू

या वादात एक बाजू खोटी आणि एक खरी, असे नाही. जैन धर्मात जीवदयेला फार मोठे स्थान आहे. त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाखरांना दाणे घातले. आजारी जनावरांसाठी पांजरपोळ चालवले. त्यांना वाईट वाटले, यात काही चूक नाही. "पाखरं उपाशी मरतील," हा त्यांचा कळवळा खरा आहे.

आणि ज्या घरात खोकल्याचा माणूस आहे, त्या घराचे दुःखही खरे आहे.

मग पाखरे खरेच उपाशी मरतील का? पारवा दूरदूर उडून जाणारा पक्षी आहे. तो आपले पोट शोधून काढतो. पण रोज हजारो पारवे एका जागी खात असतील आणि एका दिवसात सगळे बंद केले, तर त्यांचे हाल होतात, हे खरे आहे. ते त्याच छपरावर वाट बघत बसतात. म्हणून एकदम बंद न करता हळूहळू कमी करावे, हे शहाणपणाचे.

असे कुठे झाले आहे का? झाले आहे. स्वित्झर्लंड देशात बाझल नावाचे शहर आहे. तिथेही पारवे फार झाले होते. सुमारे २०,००० होते. पूर्वी तिथे ते मारून पाहिले. पण खाणे तेवढेच राहिले, म्हणून मेलेल्यांची जागा नवे पारवे घेत. १९८८ साली त्यांनी दुसरा मार्ग धरला. मारणे सोडून लोकांना समजावून सांगितले, की जास्त खाऊ घातल्याने पारव्यांचेच हाल होतात. दाटी होते. रोग होतात. पिल्ले मरतात. म्हणून दाणे कमी टाका. पारव्यांसाठी काही स्वच्छ खुराडी बांधली. तिथली अंडी काढून घेतली जात. चार-साडेचार वर्षांत पारवे निम्म्यावर आले.

मघाशी आम्ही सांगितले होते, की खाणे कमी तर अंडी कमी. ते हेच. एकही पाखरू न मारता संख्या कमी होते. ही सुद्धा जीवदयाच आहे.

असे नियम आपल्याकडेच आहेत, असेही समजू नका. लंडन शहरात ट्राफल्गर चौक आहे. तिथे २००३ साली पारव्यांना खाणे घालायला बंदी झाली. सिंगापूर देशात २०२० साली कायदा कडक केला. रानातल्या कोणत्याही प्राण्याला परवानगीशिवाय खाणे घातले, तर पहिल्या वेळी ५,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

घाटातली माकडे

आता शहर सोडून जरा आपल्या वाटेला येऊ. आपण गाडीने घाटातून जातो. वळणावर माकडे बसलेली असतात. गाडी थांबते. कुणी केळे देतो, कुणी बिस्किटे देतो. कुणी वेफरची पिशवीच टाकतो. पोरे हसतात. फोटो निघतो. गाडी निघून जाते.

माकड मात्र तिथेच राहते. त्याला काय कळते? माणूस म्हणजे खाणे. रस्ता म्हणजे खाणे. मग ते रानात जात नाही. रस्त्यावर बसते. गाडीखाली येते. दुसऱ्या दिवशी कुणी खाणे दिले नाही, तर पिशवी ओढते. पोराच्या हाताला चावते.

काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या वानराचे पोट तर पाने पचवायला बनलेले आहे. पाने, फुले, कोवळ्या शेंगा, कच्ची फळे हे त्याचे अन्न. त्याला साखरेची बिस्किटे घालणे म्हणजे बैलाला लाडू घालण्यासारखे. बैल खाईल. पण त्याचे पोट बिघडेल.

आणि पुढे काय होते? रस्त्यावर सोकावलेली टोळी जवळच्या गावात शिरते. कौले उलटते. परसातल्या शेंगा, भोपळे, नारळ, आंबे यांचे नुकसान करते. कोकणातल्या शेतकऱ्याला विचारा, माकडांनी त्याचे किती नुकसान केले आहे. बिस्किट देणारा कोण होता? शहरातून आलेला पाहुणा. तो परत गेला. भोगतो तो शेतकरी.

दिल्लीत तर याहून वाईट झाले. तिथे मारुतीचे वार म्हणून मंगळवारी आणि शनिवारी लोक माकडांना केळी, चणे घालत. माकडे फार वाढली. सरकारी कचेऱ्यांत शिरू लागली. २००७ साली दिल्लीचे उपमहापौर आपल्या घराच्या गच्चीत होते. माकडे अंगावर आली. त्यांना हुसकताना ते खाली पडले आणि त्यातच वारले. त्याच वर्षी तिथल्या उच्च न्यायालयाने माकडे पकडून शहराबाहेर असोला भाटी इथल्या रानात नेऊन सोडायला सांगितले. सरकारने तिथे त्यांच्या खाण्याची सोय केली. आधी हौसेने खाऊ घातले, मग पकडण्याचा खर्च झाला, मग पुन्हा खाण्याचा खर्च झाला.

माकड चावले, तर काय करावे, तेही ऐकून ठेवा. जखम लगेच साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काही लावू नये. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. कुत्र्याच्या चाव्यासारखीच लस घ्यावी लागू शकते. उशीर करू नये.

न देता घातलेला घास

खाणे घालणे दोन तऱ्हेचे असते. एक आपण हाताने घालतो ते. दुसरे आपण न कळत घालतो ते. दुसरे जास्त वाईट.

गावाबाहेर उकिरड्यावर आपण काय काय टाकतो? हॉटेलातले उरलेले अन्न. कोंबडीवाल्याची पिसे, आतडी. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या. मेलेले जनावर. त्या वासाने कुत्री येतात. डुकरे येतात. कुत्री वाढली, की त्यांच्या मागे बिबट्या येतो. कुत्रा हे बिबट्याचे सोपे खाणे आहे.

मुंबईत बोरिवलीला राष्ट्रीय उद्यान आहे. शंभर चौरस किलोमीटरपेक्षा थोडे मोठे रान. चारी बाजूंनी वस्ती. रानात बिबटे आहेत. रानाच्या कडेला कचरा पडला, की कुत्री जमतात. कुत्र्यांच्या मागे बिबट्या वस्तीपर्यंत येतो. म्हणून तिथे लोकांना सांगावे लागते, की कचरा उघड्यावर टाकू नका, अंधारात पोरांना एकटे सोडू नका, उघड्यावर बसायला जाऊ नका.

जुन्नर, शिरूर भागातल्या लोकांना हे सांगायला नको. उसात बिबट्या असतो. तिथे माणसे, लहान मुले गेली आहेत. बिबट्या येण्याची कारणे पुष्कळ आहेत. सगळी आपल्या हातात नाहीत. पण उकिरडा आपल्या हातात आहे. मेलेली कोंबडी खोल खड्ड्यात पुरणे आपल्या हातात आहे. वर चुना टाकून माती दाबली, की वास येत नाही. वास नाही तर कुत्रे नाही.

कुत्र्यांचे काय?

कुणी म्हणेल, मग गल्लीतल्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा घालू नये का? कुत्रा रानातला जीव नाही. त्याचे नियम वेगळे आहेत. केंद्र सरकारने २०२३ साली नियम केले. त्यांत असे आहे, की भटक्या कुत्र्यांना खाणे घालायची जागा ठरवावी. ती जिन्यापाशी नसावी. मुले खेळतात तिथे नसावी. वेळही ठरवावी. २२ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शहराच्या प्रत्येक वॉर्डात अशी जागा ठरवा, रस्त्यात कुठेही खाणे घालू नका.

म्हणजे पुन्हा गोष्ट तीच. घालू नका, असे नाही. जागा बघून घाला. ज्याने खाऊ घातले, त्याने जागाही साफ ठेवावी. जमले तर त्या कुत्र्याला लस टोचून घ्यावी.

सापाला दूध

नागपंचमी आली, की सापाला दूध पाजतात. साप दूध पिणारा प्राणी नाही. त्याचे खाणे उंदीर, बेडूक. गारुडी त्याला कित्येक दिवस तहानलेला ठेवतो. मग तो समोर येईल ते पितो. ते दूध त्याला पचत नाही. पुष्कळ साप त्यानेच मरतात. नागाची पूजा करायची, तर चित्राची करा, मातीच्या नागाची करा. खरा नाग बांधावर उंदीर खाऊ द्या. आपले धान्य वाचेल आणि नागही वाचेल.

मग आपण काय करावे?

आता कामाचे सांगतो.

एक. पाणी ठेवा. उन्हाळ्यात पाखरांना दाण्यापेक्षा पाण्याची गरज जास्त. मातीचे पसरट भांडे सावलीत ठेवा. पाणी रोज बदला. भांडे घासा. साचलेल्या पाण्यात डास होतात.

दोन. झाड लावा. वड, पिंपळ, उंबर, जांभूळ, बोर. एक उंबर कित्येक जातींच्या पाखरांना वर्षानुवर्षे खाऊ घालतो. त्याला रोज मूठ भरावी लागत नाही. हे दान सगळ्यात मोठे. ते एका पारव्याला जात नाही, सगळ्यांना जाते.

तीन. घाटात, गडावर, देवळापाशी माकडांना काही देऊ नका. नवस असला, तर त्या केळ्यांचे पैसे देवळाच्या पेटीत टाका, नाहीतर ती केळी दवाखान्यातल्या रोग्याला द्या.

चार. घराच्या माळ्यावर, गोठ्यात पारव्यांची घाण साचली असेल, तर कोरडी झाडू नका. आधी पाणी शिंपडा. तोंडानाकाला फडके बांधा. मग काढा. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका. घरात कुणाला महिना-महिना कोरडा खोकला असेल, धाप लागत असेल, तर डॉक्टरला दाखवा. आणि घरात, माळ्यावर पारवे आहेत, हे डॉक्टरला आपणहून सांगा. न विचारताच सांगा.

पाच. उकिरडा उघडा ठेवू नका.

शेवटची गोष्ट ग्रामसभेची. गावाची सफाई आणि आरोग्य हे ग्रामपंचायतीचे काम आहे. १९५८ सालचा ग्रामपंचायतीचा कायदा तेच सांगतो. तेव्हा नियम करायला मुंबईच पाहिजे, असे नाही. कोंबडीचा कचरा कुठे पुरायचा, हॉटेलातले अन्न कुठे टाकायचे, देवळापाशी माकडांना खाणे घालू नये अशी पाटी लावायची का, हे प्रश्न ग्रामसभेत मांडता येतात. मुंबईच्या न्यायालयाने जे महापालिकेला सांगितले, तेच आपणही करावे. आधी सगळ्यांचे ऐकावे. ज्याला दाणे घालायचे आहेत त्याचेही, आणि ज्याला धाप लागते त्याचेही. मग ठराव करावा. ठराव झाला, की तो सगळ्यांनी पाळावा. सरपंचाच्या घरानेही पाळावा.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठराव लागतो, तो वाचा. शहरात चौकात पाटी लागते, ती वाचा. 'येथे पक्ष्यांना खाद्य टाकू नये' अशी पाटी दिसली, तर ती का लावली आहे, हे आता तुम्हाला ठाऊक आहे. शेजारच्याला ठाऊक नसेल, तर त्याला भांडून नव्हे, समजावून सांगा.

आमचे बोलणे संपले. कुणाला काही विचारायचे असेल, तर विचारा.